कानावरचा हात खाली यावा म्हणून

जागरणात वाघ्या वरच्या पट्टीत चढला की त्याचा एक हात आपसूक कानावर जातो. शाहिराचाही जातो. लहानपणी मला ती गाण्यातली ऐट वाटायची. पुढं स्वतः भजनात गायला लागल्यावर कळलं, ऐट कसली, नड आहे ती. शेजारी दिमडी आणि तुणतुणं, पुढं माणसांचा कालवा, त्यात आपला सूर कुठं चाललाय हे आपल्यालाच कळेनासं होतं. कान झाकला की बाहेरचा गलका कमी होतो आणि हाडातून येणारा स्वतःचा आवाज ठळक होतो. पोवाड्यातले झीलकरीसुद्धा नुसते पल्लेदार 'जी जी' म्हणायला उभे नसतात. शाहिराच्या पाठीशी, त्याच्या कानाजवळ ते सूर धरून ठेवतात.

स्टेज मॉनिटर त्या हाताचं आणि त्या झीलकऱ्याचं काम करतो. गाणाऱ्याकडं तोंड करून ठेवलेला स्पीकर, एवढाच त्याचा अर्थ. समोर बसलेल्या श्रोत्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. हे डोक्यात पक्कं बसलं तर खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात, कारण गावोगावची मंडळं मॉनिटर आणायला जातात आणि श्रोत्यांचा स्पीकर घेऊन येतात.

आम्हीही तेच केलं होतं. मुंबईकर मंडळींची वर्गणी आली, मंडळाच्या खात्यात चार पैसे जमले, आणि आम्ही चौघं पुण्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं मोबाइलवरून ढोलकीच्या ठेक्याचं गाणं लावलं. छाती हादरली. खजिनदार खूश. 15 इंची खोका, त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत वॅटचा आकडा, असं ते धूड आम्ही छोट्या हत्तीत घालून भोरला आणलं. सप्ताहाच्या पहिल्याच रात्री बुवांनी माइकसमोर तोंड उघडलं आणि शिट्टी वाजली. आवाज कमी केला तर ऐकू येईना, वाढवला तर पखवाजाच्या घुमीत पेटीचा सूर बुडाला. तिसऱ्या अभंगाला बुवा म्हणाले, "काढा ते धूड इथनं." पुढचे सहा दिवस ते देवळाबाहेर प्रसादाच्या पंगतीला गाणी ऐकवत उभं होतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागं लागलो. आमच्याकडं, म्हणजे भोरला आणि वेल्ह्याला (त्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणायचं), जी गाणी-बजावणी चालते ती डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहितोय: हरिनाम सप्ताह, देवीचं नवरात्र, जागरण-गोंधळ, चैत्रातल्या जत्रा, शाळेचं स्नेहसंमेलन. नारायणगावाहून सुपारी देऊन आणलेला मोठा तमाशाचा फड आपलं साउंड आपण आणतो, त्याची काळजी आपल्याला नको.

पहिला प्रश्न, मॉनिटर हवाच आहे का? वाडीवरच्या छोट्या देवळात सहा-सात माणसं गोल करून भजनाला बसत असतील आणि एकच माइक असेल, तर नको. तिथं माणसाचा कान पुरतो. पत्र्याचा मोठा सभामंडप, मागं दहा-बारा टाळकरी, पखवाज, पेटी, आणि बाहेर श्रोत्यांकडं तोंड केलेले मोठे स्पीकर, असा थाट असेल तर मात्र हवाच. कारण अशा ठिकाणी महाराजांना स्वतःचा आवाज ऐकू येतो तो मंडपाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला. भिंत 15 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर, म्हणजे साधारण 90 मिलिसेकंद उशीर. द्रुत लयीत तेवढ्यात पखवाजाचा एक बोल निघून जातो. मग गाणारा त्या उशिरा आलेल्या आवाजाची वाट बघत बघत लय ओढतो, पखवाजवाला त्याच्याकडं रागानं बघतो, आणि दोष कुणाचाच नसतो.

ऐकू आलं नाही की माणूस ओरडतो. सात दिवसांच्या सप्ताहात चौथ्या दिवशी बुवांचा घसा बसतो तो थंड पाण्यानं नव्हे, या ओरडण्यानं. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले तेव्हा समोर 55 हजारांवर माणसं किंचाळत होती आणि स्टेजवर मॉनिटर नावाची वस्तूच नव्हती. एकमेकांचं त्यांना काही ऐकू येत नव्हतं. आपल्या सप्ताहात अजूनही पुष्कळदा तीच गत असते, फक्त किंचाळण्याच्या जागी टाळ.

आता खरेदीकडं वळू, पण स्पीकरच्या आधी मिक्सर बघा. हे कुणी सांगत नाही. मॉनिटरला जाणारं मिश्रण श्रोत्यांच्या मिश्रणापेक्षा वेगळं हवं. श्रोत्यांना पखवाज भरदार हवा, टाळ थोडे, महाराज सगळ्यांच्या वर. महाराजांना मात्र हवा स्वतःचा आवाज, पेटीचा सूर, बस. पखवाज तर त्यांच्या हाताच्या अंतरावर वाजतोय, तो मॉनिटरमध्ये कशाला? ही वेगळी वाट मिक्सरवरच्या 'ऑक्स' नावाच्या बटणांतून निघते, आणि ती 'प्री' असावी लागते. प्री म्हणजे साउंडवाल्यानं श्रोत्यांसाठी फेडर वरखाली केला तरी मॉनिटरमधला आवाज हलत नाही. स्वस्तातल्या चार चॅनेलच्या मिक्सरला पुष्कळदा एकच ऑक्स असतो आणि तोही इफेक्टसाठी ठेवलेला, फेडरच्या मागोमाग हलणारा. साउंडवाल्यानं बाहेरचा आवाज जरा कमी केला की आत महाराजांचाही जातो, आणि महाराज परत ओरडायला लागतात. मिक्सरला प्री ऑक्स नसेल तर पैसे आधी मिक्सरवर घाला. उत्तम मॉनिटर चुकीच्या मिश्रणावर जोडला तर तो फक्त चुकीचा आवाज जवळून ऐकवतो.

बऱ्याच देवळांत जुना मिक्सर-ॲम्प्लिफायर असतो, आहुजाचा किंवा तशाच घडणीचा, ज्यावर वर्षानुवर्षं कर्णे वाजले. त्याच्या मागच्या पट्टीवर 4, 8, 16 ओहम आणि शेजारी 70 किंवा 100 व्होल्ट अशी टर्मिनलं दिसतात. व्होल्टची टर्मिनलं लांबच्या लाइनवरच्या, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या स्पीकरांसाठी असतात. 8 ओहमचा साधा मॉनिटर उत्साहाच्या भरात 100 व्होल्टला जोडला तर जळायला फार वेळ लागत नाही, आणि जाताना कधी कधी ॲम्प्लिफायरलाही बरोबर घेऊन जातो. शिवाय अशा बहुतेक डब्यांतून सगळीकडं एकच मिश्रण जातं, म्हणजे मघाचा प्रश्न तसाच राहतो.

वॅटचं भूत आधी उतरवा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा पीकचा असतो. बारीक अक्षरांतला सततचा आकडा बघा, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे सेन्सिटिव्हिटी: 1 वॅटवर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल. 90 डेसिबलचा 400 वॅटचा स्पीकर हिशेबानं 116 डेसिबलपर्यंत जातो. 96 डेसिबलचा 200 वॅटचा जातो 119 पर्यंत. निम्म्या वॅटचा खोका जास्त वाजतो! दुकानदाराला हा एक प्रश्न विचारा, तो लगेच तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

अंतराचं गणितही फुकट मिळतं. मॉनिटर 2 मीटरवरून 1 मीटरवर सरकवला तर कानाशी 6 डेसिबल वाढतात. तेच ॲम्प्लिफायरनं वाढवायचे तर चौपट वॅट लागतील. आमच्याकडं मात्र मॉनिटर स्टेजच्या अगदी कडेला, समईच्या पलीकडं, 'दिसायला बरा' म्हणून ठेवतात.

आकार किती? गळा आणि पेटी यांच्यासाठी 10 किंवा 12 इंची पुष्कळ झाला. 15 इंची ढोलकी-कीबोर्डच्या ऑर्केस्ट्राला शोभतो, भजनाला नाही. पत्र्याखाली आणि टाइल्स लावलेल्या भिंतींत खर्जाची घुमी आधीच नको इतकी असते, त्यात भर घालायची नाही. फक्त बुवा आणि पेटीवाला असेल तर चांगला 8 इंचीसुद्धा चालतो.

आता आपल्याकडची खास अडचण. बाजारातले उतरत्या पाठीचे मॉनिटर उभं राहून गाणाऱ्या माणसासाठी बनवलेले असतात. आपला कीर्तनकार उभा असतो, पण भजनी बुवा, पेटीवाला, पखवाजवाला मांडी घालून बसतात. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून पाऊण-एक मीटरवर. जवळ ठेवलेला तिरका मॉनिटर त्याच्या टोपीवरून आवाज फेकतो, आणि तो आवाज वर पत्र्याला लागून साऱ्या मंडपात सांडतो. पेटीवाला म्हणतो ऐकू येत नाही, साउंडवाला वाढवतो, शिट्टी वाजते. यावर मी एक साधी युक्ती करतो. सुतळीचं एक टोक मॉनिटरच्या वरच्या भोंग्याच्या, म्हणजे हॉर्नच्या, मध्यावर धरायचं आणि दुसरं बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत ताणायचं. सुतळी स्पीकरच्या तोंडाशी काटकोनात निघाली तर ठीक. तिरकी निघाली तर मॉनिटरच्या मागच्या बाजूखाली लाकडाची पाचर सरकवून त्याचं तोंड खाली आणायचं. एकदा आमच्या मृदंगमणींनी विचारलं, "काय रे, मोजमाप कसलं घेतोस, सदरा शिवणार काय?" त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा मॉनिटर वाढवायला सांगितलं नाही. घेताना दोन कोनांत ठेवता येणारा खोका मिळाला तर तोच घ्या. कीर्तनाला उभा कोन, भजनाला बसका.

हॉर्नचा पसाराही विचारा. जागेवरून न हलणाऱ्या गायकाला अरुंद पसारा चालतो. पण कीर्तनकार रंगात आला की तीन पावलं पुढं, दोन मागं, मध्येच विणेकऱ्याकडं वळून नाचतो. त्याला आडवा 90 अंशांच्या आसपासचा पसारा हवा, नाहीतर पाऊल सरकलं की आवाज हरवतो.

शिट्टी का वाजते? माइकचा आवाज मॉनिटरमध्ये जातो, मॉनिटरचा परत माइकमध्ये शिरतो, आणि फेरा बंद होत नाही. म्हणून मॉनिटर माइकच्या बहिऱ्या बाजूला ठेवायचा. शुअरचा एसएम 58 सगळ्यांनी पाहिलाय. 1966 पासून तो बाजारात आहे आणि त्याची हुबेहूब नक्कलही बाजारात भरपूर आहे. तो कार्डिऑइड जातीचा, म्हणजे त्याची पाठ बहिरी. मॉनिटर बरोबर समोर, माइकच्या शेपटाकडं ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माइक असेल तर मात्र त्याला थेट पाठीमागून थोडं ऐकू येतं आणि तिरप्या दोन्ही बाजू बहिऱ्या असतात, साधारण 120-125 अंशांवर. तिथं मॉनिटर एका बाजूला तिरपा सरकवावा लागतो. माइक कुठल्या जातीचा ते त्याच्या कागदावर गोल नकाशा काढून दाखवलेलं असतं. तो कागद फेकू नका. आणि माइकची जाळी मुठीत धरून गायची सवय सोडायला लावा. मूठ आवळली की बहिरी बाजू ऐकू लागते.

महाराज कॉलर माइक लावत असतील तर अपेक्षाच कमी ठेवा. तो बहुधा चोहोबाजूंचं ऐकणारा असतो. अशा वेळी त्यांच्या मॉनिटरमध्ये त्यांचा आवाज नावापुरता आणि पेटी भरपूर द्यावी. सूर पेटीवरून मिळतो, शिट्टीही येत नाही.

आणखी एक. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी मोकळीक 3 डेसिबलनं घटते. दोनाचे चार, चाराचे आठ केले तर 6 डेसिबल गेले, म्हणजे मघाशी मॉनिटर जवळ आणून कमावलेलं सगळं गेलं. टाळकऱ्यांना वेगळा माइक कशासाठी हवा असतो हे मला अजून उमगलेलं नाही. दहा टाळ माइकशिवाय नदीपलीकडं ऐकू जातात.

ॲक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह? ॲक्टिव्हच्या पोटात ॲम्प्लिफायर असतो. त्याला सिग्नलची वायर आणि विजेची वायर अशा दोन लागतात. पॅसिव्हला एकच वायर, पण बाहेरचा ॲम्प्लिफायर वेगळा. एक-दोन मॉनिटर घेणाऱ्या मंडळानं ॲक्टिव्ह घ्यावा असं माझं मत. जोडणी चुकायला जागा कमी, आणि स्पीकर फाटू नये म्हणून आत लिमिटर असतो. भाड्यानं सहा-आठ खोके फिरवणाऱ्यानं पॅसिव्हचा विचार करावा. एक बिघडला तर ॲम्प्लिफायर बदलून कार्यक्रम उरकता येतो. वेल्ह्याकडच्या आतल्या गावांत, लाइनच्या शेवटाला संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ॲक्टिव्ह घेताना तो किती व्होल्टपर्यंत तग धरतो ते मागच्या पाटीवर वाचा. 100 ते 240 असं लिहिलेलं असेल तर निम्मी काळजी मिटली. जनरेटरवर चालवायचं असेल तर जनरेटर आधी सुरू करा, व्होल्टेज स्थिर झाल्यावर स्पीकर. बंद करताना स्पीकर आधी.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट हात जोडून सांगतो. मॉनिटरमधून 'हूं' असा गुणगुणाट आला की काही बहाद्दर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण अर्थिंगही जातं. घाटमाथ्याच्या पावसात श्रावणातला सप्ताह, ओली सतरंजी, अनवाणी गायक आणि ओठाला लागलेला लोखंडी जाळीचा माइक. यातून जीव जाऊ शकतो. गुणगुण घालवायची तर मिक्सर आणि मॉनिटर एकाच बोर्डावरून जोडा, तीन पिनांची बॅलन्स्ड वायर वापरा, आणि स्टेजच्या लाइनला 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. त्याचा खर्च एका वर्षीच्या हारतुऱ्यांतून निघतो.

इन-इअर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, हल्ली ऑर्केस्ट्रातली मुलं वापरतात. त्यांना ते ठीक. भजनाला मी सुचवणार नाही. टाळकऱ्यानं मध्येच चाल उचलली, समोरून कुणी 'माउली' म्हणून दाद दिली, हे ज्याला ऐकू येत नाही तो भजन कसं रंगवणार?

खोका घरी आल्यावर त्याला गाडीच्या हादऱ्यापेक्षा ओल आणि उंदीर जास्त मारतात. देवळाच्या कोठीत पोत्यांशेजारी ठेवलेल्या स्पीकरचा कागदी कोन पावसाळ्यानंतर कुरतडलेला मी दोनदा पाहिलाय. जाड कापडाची खोळ, जमिनीपासून वर फळी, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास वाजवणं, एवढं पुरतं.

कार्यक्रमाच्या दिवशी माणसं यायच्या आधी अर्धा तास काढा. सगळे माइक जागेवर, मॉनिटर हळूहळू वाढवत न्या. पहिली शिट्टी जिथं फुटू लागेल ती पट्टी 31 बँडच्या इक्वलायझरवर थोडी खाली करा, मग दुसरी. तीन-चार पट्ट्यांवर थांबा. दहा पट्ट्या खाली ओढल्या तर आवाजातला जीवच जातो, मग जागा चुकलीय किंवा माइक, असं समजा. मागच्या भिंतीवर दोन सतरंज्या टांगल्या तर इक्वलायझरचं अर्धं काम कमी होतं. आणि घड्याळ बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातले सरकारनं जाहीर केलेले मोजके दिवस, जास्तीत जास्त 15, बाराची सवलत असते. नऊच्या कीर्तनाला साडेनऊपर्यंत 'हॅलो चेक' चाललं तर महाराजांच्या वाट्याला अर्धा तास उरतो.

शेवटचं खरेदीबद्दल. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा, नाहीतर ओळखीच्या साउंडवाल्याचा जुना खोका घ्या, पण दुकानात मोबाइलवरचं गाणं ऐकून ठरवू नका. आपला माइक आणि आपली पेटी बरोबर न्या. मॉनिटर पायाशी ठेवून, मागं कुणाला तरी टाळ वाजवायला सांगून, पाच मिनिटं एक अभंग म्हणा. शक्य असेल तर एक दिवसाचं भाडं देऊन तोच खोका आपल्या देवळात वाजवून बघा. तेवढे पैसे वाया गेले तरी परवडतात. आणि खजिनदाराला एकट्याला पाठवू नका. बुवांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून न्या, कारण ऐकायचंय त्यांना.